अपमान, टीका आणि एपिक्टेटस: ऑक्सफर्डच्या एकखंडी आवृत्तीचे परीक्षण

एपिक्टेटस या स्टोइक (म्हणजे मन स्थिर ठेवण्यावर भर देणाऱ्या प्राचीन ग्रीक-रोमन पंथाच्या) तत्त्ववेत्त्याची आज उपलब्ध असलेली सर्व शिकवण एकाच खंडात देणारी आवृत्ती ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्स या मालिकेत २०१४ साली प्रसिद्ध झाली. इंग्रजी भाषांतर रॉबिन हार्ड यांचे असून प्रस्तावना आणि टिपा ख्रिस्तोफर गिल यांच्या आहेत. चार भागांत विभागलेली ९५ प्रवचने, इतर प्राचीन लेखकांनी उद्धृत केल्यामुळे टिकून राहिलेले काही त्रोटक अंश आणि ५३ छोट्या प्रकरणांची हस्तपुस्तिका असा या खंडाचा ऐवज आहे. स्टोइक विचाराची सर्व अंगे येथे तपासण्याचा माझा हेतू नाही. कुणी टाकून बोलले, चारचौघांत पाणउतारा केला किंवा आपल्या कामावर बोट ठेवले, तर त्या क्षणी शांत राहून योग्य ते बोलता यावे यासाठी हे पुस्तक कितपत उपयोगी पडते, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. या कामासाठी याहून चांगले पुस्तक माझ्या वाचनात नाही. मात्र जो वाचक हस्तपुस्तिका वाचून थांबेल त्याच्या हाती अर्धाच उपाय लागेल, आणि टीकेच्या बाबतीत तो अर्धा उपाय अपायकारकही ठरू शकेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा उपदेश कोणी केला, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. एपिक्टेटसचा जन्म इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास, आज तुर्कस्तानात असलेल्या हिएरापोलिस या गावचा. तो गुलाम होता. रोममध्ये तो एपाफ्रोडिटसच्या मालकीचा होता. हा एपाफ्रोडिटस स्वतःही पूर्वी गुलाम असलेला आणि मुक्त झाल्यावर सम्राट नीरोच्या दरबारी चिटणीस म्हणून वजन मिळवलेला माणूस होता. गुलामीत असतानाच एपिक्टेटसला मुसोनियस रूफस या स्टोइक गुरूकडे शिकायला मिळाले. पुढे तो मुक्त झाला, आणि सम्राट डोमिशियनने तत्त्ववेत्त्यांना रोममधून घालवून दिले तेव्हा ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरील निकोपोलिस या शहरात जाऊन त्याने शाळा काढली. तो पायाने अधू होता. त्याने स्वतः काही लिहून ठेवले नाही. त्याचा शिष्य आरियन वर्गात ऐकलेले बोलणे शक्यतो गुरूच्याच शब्दांत टिपून ठेवत असे, आणि त्या टिपणांतून प्रवचने व पुढे हस्तपुस्तिका तयार झाली. सिकंदराच्या स्वाऱ्यांचा इतिहास आणि हिंदुस्थानाविषयीचा ‘इंडिका’ हा ग्रंथ लिहिणारा आरियन तो हाच. गुलामाला मालकाची शिवी मुकाट्याने ऐकून घ्यावी लागे आणि त्याविरुद्ध दाद मागायला त्याच्यापाशी फारशी जागा नसे. त्यामुळे ‘शिवीने माझे काही बिघडत नाही’ हे वाक्य एपिक्टेटसच्या तोंडी येते तेव्हा ते सुखवस्तू माणसाने फुरसतीत केलेले चिंतन वाटत नाही. या पुस्तकावर माझा विश्वास बसण्याचे पहिले कारण हे आहे.

अपमानाविषयीचे मूळ प्रतिपादन हस्तपुस्तिकेच्या विसाव्या प्रकरणात अगदी थोडक्यात आले आहे. शिवी देणारा किंवा हात उगारणारा आपला अपमान करत नसतो; ही गोष्ट अपमानकारक आहे असे जे मत आपण बनवतो ते आपल्याला डिवचत असते. म्हणून पहिल्या झटक्यासरशी वाहून जाऊ नये, थोडा वेळ काढावा. तेवढा वेळ मिळाला की स्वतःवर ताबा ठेवणे सोपे जाते. तेहतिसाव्या प्रकरणातला सल्ला प्रसिद्ध आहे. अमुक माणूस तुमच्याविषयी वाईट बोलतो असे कुणी येऊन सांगितले, तर स्वतःची बाजू मांडत बसू नका. त्याला माझे बाकीचे दोष ठाऊक नसावेत, नाहीतर त्याने एवढेच सांगितले नसते, असे उत्तर द्या. चौथ्या प्रकरणात तो सार्वजनिक स्नानगृहात निघालेल्या माणसाला सांगतो की तेथे काय काय होते ते आधी डोळ्यांसमोर आणा: कुणी पाणी उडवील, कुणी धक्का देईल, कुणी शिव्या घालील, कुणी कपडे चोरील. मला अंघोळही करायची आहे आणि मनाची घडीही मोडू द्यायची नाही, असे ठरवून जो घराबाहेर पडतो त्याला तेथे घडलेले काहीच अनपेक्षित नसते. अठ्ठाविसावे प्रकरण मला विशेष परिणामकारक वाटते. तुमचे शरीर कुणी रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाच्या ताब्यात दिले तर तुम्ही संतापाल. मग वाटेल त्याने दोन शब्द टाकून बोलावे आणि तुमचे मन ढवळून निघावे, अशी सत्ता तुम्ही त्याच्या हाती कशी देता, असा तेथे रोखठोक सवाल आहे.

येथे एक शंका वाचकाच्या मनात येतेच. शब्द कानावर पडताक्षणी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, हात थरथरतात. हे मत बनवण्याच्या आधीच घडते, मग त्यावर ताबा कसा ठेवायचा? हस्तपुस्तिका या शंकेला पुरेसे उत्तर देत नाही. ते उत्तर या खंडातल्या त्रोटक अंशांमध्ये आहे, आणि बहुतेक वाचक ती पाने उलटून पुढे जातात हे दुर्दैव आहे. औलस गेलियस या रोमन लेखकाने एक प्रसंग सांगितला आहे. समुद्रात भयंकर वादळ झाले तेव्हा त्याच जहाजावर असलेला एक नामांकित स्टोइक तत्त्ववेत्ता इतरांसारखाच पांढराफटक पडला. वादळ शमल्यावर गेलियसने त्याला कारण विचारले, तेव्हा त्याने आपल्या पिशवीतून एपिक्टेटसच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून दिला. आज तो भाग नष्ट झाला आहे, पण गेलियसने त्यातला आशय नोंदवून ठेवल्यामुळे तेवढा अंश वाचला. त्याचे सार असे की एखादी भयंकर गोष्ट एकाएकी समोर आली तर ज्ञानी माणसाचेही मन क्षणभर हलते आणि चेहऱ्याचा रंग उडतो, कारण या हालचाली बुद्धीच्या आधी घडतात. फरक त्यानंतर पडतो. अज्ञानी माणूस त्या पहिल्या धक्क्याला ‘होय, हे खरोखरच भयंकर आहे’ अशी संमती देतो आणि ज्ञानी ती देत नाही. अपमानाला हे तंतोतंत लागू पडते. लाल झालेला चेहरा हे अपयश नाही. शांत राहण्याचा प्रयत्न त्यानंतर सुरू व्हायचा असतो. स्टोइक विचार म्हणजे भावना दाबून टाकणे, असा जो सार्वत्रिक समज आहे त्याला हा एक परिच्छेद पुरेसे उत्तर आहे, आणि केवळ हस्तपुस्तिका छापणाऱ्या पातळ आवृत्त्यांमध्ये तो सापडत नाही.

प्रत्यक्ष उपयोगाचे एक उदाहरण देतो. मी आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत खजिनदारांनी हिशेब वाचून दाखवला आणि टँकरच्या पाण्याचा खर्च ऐकताच एक ज्येष्ठ सभासद उभे राहून म्हणाले, “सचिवांनी टँकरवाल्याकडून किती खाल्ले, ते आधी सांगा.” सभागृह एकदम शांत झाले. माझ्यापुढे इतिवृत्ताची वही उघडीच होती. त्यांचे वाक्य मी शब्दशः लिहून घेतले, आणि लिहिण्यात जो वेळ गेला तोच विसाव्या प्रकरणात सांगितलेला वेळ होता. वाक्य कागदावर उतरल्यावर त्याचे दोन भाग वेगळे दिसू लागले. मी पैसे खाल्ले हे त्यांचे मत होते आणि ते बदलणे त्या क्षणी माझ्या हातात नव्हते. खर्च इतका का वाढला हा मात्र रास्त प्रश्न होता, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सभासदाला हिशेबाची कागदपत्रे पाहण्याचा हक्कही आहे. मी म्हणालो, “काका, टँकरची सगळी बिले कार्यालयातल्या फाईलमध्ये लावलेली आहेत. उद्या संध्याकाळी तुम्ही या, आणखी ज्यांना पाहायची असतील त्यांनीही या.” पहिल्या भागाला मी उत्तर दिले नाही. ते आले, चष्मा पुसून एकेक बिल पाहिले, आणि टँकर आला की फाटकावरच्या रखवालदाराने वेळ लिहून सही करावी अशी नोंदवही ठेवण्याची सूचना केली. सूचना उत्तम होती आणि ती नोंदवही आता वापरात आहे. त्यांनी माफी मागितली नाही, मलाही तशी अपेक्षा नव्हती. सभेत मी माझ्या प्रामाणिकपणाची ग्वाही देत बसलो असतो, तर शब्दाने शब्द वाढून हमरीतुमरी झाली असती आणि पाण्याचा विषय तसाच राहिला असता.

या प्रसंगातील दुसरा भाग, म्हणजे शिवीतून प्रश्न वेगळा काढणे, हस्तपुस्तिकेने शिकवलेला नाही. तिच्यात सहनशीलतेवर भर आहे आणि तेवढेच घेऊन निघालेल्या माणसाची कातडी गेंड्याची होण्याचा धोका असतो. बोलण्याने अंगाला भोके पडत नाहीत, हे वाक्य शहाणा माणूस शिवीच्या बाबतीत म्हणतो, पण आळशी किंवा उद्दाम माणूस तेच वाक्य रास्त टीकेच्या बाबतीत म्हणतो, आणि दोघांचेही चेहरे बाहेरून सारखेच शांत दिसतात. पहिल्या भागातील पंचविसाव्या प्रवचनात एपिक्टेटस म्हणतो की दगडापाशी उभे राहून त्याला शिव्या घाला, काय साधेल? ऐकणारा दगडासारखा राहिला तर शिव्या घालणाऱ्याला काय मिळेल? हे उदाहरण फार लोकप्रिय आहे. पण तिसऱ्या भागातील दुसऱ्या प्रवचनात तोच एपिक्टेटस सांगतो की माणसाने पुतळ्यासारखे भावनाशून्य असता कामा नये. पुत्र, भाऊ, पिता आणि नागरिक या नात्यांनी जे जे आपल्याकडे येते ते त्याने पार पाडले पाहिजे. दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचले म्हणजे कळते की दगड व्हायचे ते फक्त शिवीपुरते, ज्याच्याशी आपला संबंध आहे त्या माणसापुरते नाही. सुट्या वचनांच्या संग्रहांत हे दोन उतारे एकत्र येत नाहीत, आणि पूर्ण खंड घ्यावा असा आग्रह मी धरतो तो यासाठीच.

टीका कशी ऐकावी याचे धडे प्रवचनांमध्ये आहेत, आणि ते एपिक्टेटसने स्वतःच्या विद्यार्थिदशेतून दिलेले आहेत. पहिल्या भागातील सातवे प्रवचन तर्कशास्त्राच्या अभ्यासाविषयी आहे, म्हणून अनेकजण ते वगळतात. त्याच्या अखेरीस ही आठवण येते. एका युक्तिवादातला गाळलेला दुवा एपिक्टेटसला सापडला नाही, म्हणून रूफसने त्याला खडसावले. एपिक्टेटस म्हणाला, “मी काही कॅपिटॉल जाळलेले नाही.” रूफस उत्तरला, “अरे गुलामा, येथे गाळलेला दुवा हेच कॅपिटॉल आहे.” रोमच्या कॅपिटॉल टेकडीवरील ज्युपिटरचे मंदिर इसवी सन ६९ मधील यादवी युद्धात जळाले होते, त्यामुळे त्या काळातल्या श्रोत्यांना या शब्दांचे वजन सांगावे लागत नव्हते. चूक दाखवली जाताच तिचा आकार लहान करून दाखवण्याची जी धडपड आपण सगळे करतो, ती येथे एका वाक्यात उघडी पडते. एपिक्टेटसने ही आठवण आपल्या विद्यार्थ्यांना अनेक वर्षांनी सांगितली आणि तीत गुरूविषयी किंचितही कडवटपणा नाही. ‘गुलाम’ हा शब्द त्याच्या बाबतीत नुसती शिवी नव्हता, ती त्याची वस्तुस्थिती होती. तरीही त्याने त्या वाक्यातून उचलले ते फक्त गाळलेल्या दुव्याविषयीचे म्हणणे.

तिसऱ्या भागातील तेविसाव्या प्रवचनात हाच धागा पुढे जातो. माझी स्तुती करायला तुम्हाला सवड होत असेल तर माझे बोलणे वाया गेले, असे रूफस म्हणत असे. आणि तो असे बोलत असे की समोर बसलेल्या प्रत्येकाला वाटे, आपले दोष कुणीतरी यांच्या कानावर घातले आहेत. त्यापुढे एपिक्टेटस आपल्या शाळेविषयी सांगतो की तत्त्वज्ञाची शाळा हा दवाखाना आहे. तेथून बाहेर पडताना सुख वाटता कामा नये, वेदना झाली पाहिजे, कारण तुम्ही आत आलात तेव्हा निरोगी नव्हता. कुणाचा खांदा निखळलेला, कुणाला गळू झालेले, कुणाचे डोके दुखणारे; अशा माणसांना गोड वाक्ये ऐकवून आणि टाळ्या घेऊन परत पाठवायचे का, असा त्याचा प्रश्न आहे. शिवी आणि टीका यांतला भेद एपिक्टेटस कुठेही व्याख्या करून सांगत नाही. तो दोन प्रकारचे प्रसंग समोर ठेवतो आणि दोन्हींत शांतपणा सारखाच लागतो हे दाखवतो: शिवी ऐकताना तो पुढे काही न वाढवण्यासाठी लागतो आणि टीका ऐकताना ती पुरती आत जाऊ देण्यासाठी लागतो.

वाचकाने तयारी ठेवावी अशी एक गोष्ट आहे. हा गुरू स्वतः गोड बोलत नाही. निकोपोलिसला येणारी मुले बहुधा खात्यापित्या घरची आणि पुढे रोमच्या राजकारणात वा प्रशासनात जाण्याची स्वप्ने पाहणारी असत, आणि तो त्यांना सरळ ‘गुलाम’ म्हणून हाक मारतो, त्यांच्या केशभूषेवर बोलतो, घरच्या आठवणीने रडवेले होणाऱ्यांची कानउघाडणी करतो. काही पानांवर हा सूर इतका तिखट होतो की पुस्तक मिटून ठेवावेसे वाटते. मला मात्र हा सूर पुस्तकाच्या उपयोगाचाच भाग वाटू लागला आहे, कारण वाचकालाही तेथे बोलणी खावी लागतात, आणि जे बोलणे लागले ते का लागले हे शांतपणे तपासण्याची संधी एकांतात, कुणीही पाहत नसताना मिळते.

प्रवचनांमधले माझे सर्वांत आवडते पान तिसऱ्या भागातील विसाव्या प्रवचनाचे आहे. मला शिव्या देणारा माणूस माझा व्यायाम घेतो, असे एपिक्टेटस तेथे म्हणतो. तालमीतला जोडीदार मान आणि खांदे धरून अंगातली रग वाढवतो, तसा हा माझी सहनशीलता आणि सौम्यपणा वाढवतो. शेजारी वाईट आहे? तो स्वतःसाठी वाईट, माझ्यासाठी चांगला, कारण त्याच्यामुळे माझ्या समजूतदारपणाची तालीम होते. निंदकाचे घर शेजारी असावे, असे आपण म्हणत आलोच आहोत, आणि ‘मना बोलणे नीच सोशीत जावे’ ही समर्थांची ओळ मराठी घरांत मुले अर्थ कळण्याच्या आधीच पाठ म्हणतात. त्यामुळे मराठी वाचकाला या पानावर परकेपणा वाटणार नाही. वेगळेपण आहे ते पुढच्या पायरीत. सोसावे हे आपल्याला ठाऊक असते. सोसताना मनात नेमके काय घडते, कुठल्या क्षणी आपण त्या शब्दाला होकार देतो आणि तो होकार कसा रोखून धरायचा, याचा इतका बारीक तपशील एपिक्टेटस देतो की तो वाचून दुसऱ्या दिवशी प्रयोग करता येतो.

प्रयोगाची पद्धतही त्याने सांगितली आहे. तिसऱ्या भागातील बाराव्या प्रवचनात तो म्हणतो की तू चिडखोर असशील तर कुणी टाकून बोलले असता सहन करण्याचा, कुणी मान दिला नाही तर वाईट न वाटून घेण्याचा सराव कर. दुसऱ्या भागातील अठराव्या प्रवचनात सवयीचे गणित आहे: रागावण्याची प्रत्येक वेळ रागाची सवय बळकट करते, म्हणून न रागावलेले दिवस मोजावेत. आधी मी रोज रागावत असे, मग एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग तीन. आणि सलग तीस दिवस साधले तर देवाला बळी अर्पण कर, असे तो सांगतो. उपाय साधा आहे. तो एका रात्रीत गुण येईल असे सांगत नाही, आणि एखाद्या दिवशी पाय घसरला म्हणून सगळे संपले असेही म्हणत नाही.

सेनेका या रोमन स्टोइक लेखकाचे अपमानाविषयीचे लेखन ज्यांनी वाचले आहे त्यांना एपिक्टेटस रूक्ष वाटण्याची शक्यता आहे. सेनेका गोष्टी छान सांगतो. कॉर्ब्युलो नावाच्या माणसाने ‘पिसे उपटलेला शहामृग’ म्हटले म्हणून कवी ओव्हिडचा जावई फिडस कॉर्नेलियस भर सिनेटमध्ये रडला, ही हकिगत त्याच्याच एका निबंधात आहे. आणि स्नानगृहात कुणीतरी मारल्यावर कॅटो या रोमन राजकारण्याने ‘मला मारल्याचे आठवत नाही’ असे म्हटल्याचेही तोच सांगतो. त्याच्या लेखनात रंजकता अधिक आहे. पण सेनेका हा नीरोचा शिक्षक आणि सल्लागार होता, आणि अपमान करणारा आपल्यापेक्षा हलका आहे, त्याच्याकडे काय लक्ष द्यायचे, असा एक वरचढपणाचा सूर त्याच्या युक्तिवादात वारंवार येतो. तो सूर घेऊन आपण घरात किंवा कचेरीत वागू लागलो तर शांतपणाऐवजी तुच्छता पदरी येईल. एपिक्टेटस हस्तपुस्तिकेच्या बेचाळिसाव्या प्रकरणात सांगतो की तुमच्याविषयी वाईट बोलणारा त्याला जे योग्य वाटते तेच करत असतो. त्याचे मत चुकीचे असेल तर फसगत त्याचीच झाली आहे, म्हणून ‘त्याला तसे वाटले’ एवढे म्हणून त्याच्याशी सौम्यपणे वागा. ही भूमिका मला अधिक टिकाऊ वाटते.

आता या पुस्तकाची खरी मर्यादा. एपिक्टेटसचा उपाय एकट्या माणसाच्या मनापुरता आहे, आणि काही अपमान एकट्या माणसाचे नसतात. जात, लिंग किंवा अपंगत्व यांवरून चारचौघांत केलेला अपमान त्या माणसाला त्याची जागा दाखवण्यासाठी, त्याचा हक्क नाकारण्यासाठी केलेला असतो. असा अपमान झालेल्याला ‘हे तुझे मत आहे, ते सोडून दे’ असे दुसऱ्याने सांगणे म्हणजे अपमान करणाऱ्याची सोय पाहणे होय. आपल्याकडे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला अपमानित करण्याच्या उद्देशाने लोकांदेखत केलेला अपमान १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरतो, आणि तो तसा ठरावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एपिक्टेटसला गुलामगिरीची व्यवस्था बदलण्याविषयी काही म्हणायचे होते असे या पुस्तकातून दिसत नाही, आणि वाचकाने ही उणीव डोळ्यांआड करू नये.

तरीही शांत राहणे म्हणजे गप्प बसणे, असा अर्थ या पुस्तकातून निघत नाही. पहिल्या भागातील दुसऱ्या प्रवचनात सिनेटर हेल्विडियस प्रिस्कस आणि सम्राट व्हेस्पासियन यांचा संवाद आहे. सम्राटाने त्याला सिनेटमध्ये येऊ नको असे कळवले. हेल्विडियसने सांगितले की मला सिनेटर राहू न देणे तुमच्या हाती आहे, पण मी सिनेटर आहे तोवर आले पाहिजे. सम्राट म्हणाला, ये, पण काही बोलू नकोस. हेल्विडियस म्हणाला, माझे मत विचारू नका, मी बोलणार नाही. पण मला विचारणे भाग आहे. मग जे योग्य वाटते ते सांगणे मलाही भाग आहे. बोललास तर ठार करीन. मी अमर आहे असे कधी म्हणालो होतो? तुम्ही तुमचे काम करा, मी माझे करतो. या माणसाच्या बोलण्यात राग नाही, शिवी नाही आणि माघारही नाही. अन्यायाविरुद्ध तक्रार गुदरणाऱ्याला, सभेत उभे राहून बोलणाऱ्याला किंवा न्यायालयात साक्ष देणाऱ्याला लागणारा शांतपणा हाच असतो, आणि म्हणून वर सांगितलेली मर्यादा मान्य करूनही मी हे पुस्तक अशा वाचकांच्याही हाती देईन.

आवृत्तीविषयी थोडे. एपिक्टेटसचे संपूर्ण लेखन इंग्रजीत प्रथम एलिझाबेथ कार्टर या विदुषीने १७५८ साली आणले, डब्ल्यू. ए. ओल्डफादर यांचे लोएब मालिकेतले दोन खंड १९२५ आणि १९२८ साली आले आणि त्यांत समोरासमोर मूळ ग्रीक मजकूर मिळतो. ज्यांना ग्रीक पाहायचे आहे त्यांनी लोएबच घ्यावे. इतरांना हार्ड यांचे भाषांतर अधिक सोयीचे आहे, कारण त्यांचे इंग्रजी आजचे आहे आणि वर्गातल्या प्रश्नोत्तरांचा वेग त्यांनी राखला आहे. एपिक्टेटस बोलता बोलता मध्येच काल्पनिक प्रतिपक्ष्याच्या तोंडी वाक्य घालतो, त्यालाच उत्तर देतो आणि पुढे निघतो. कोण बोलत आहे हे या भाषांतरात सहसा चटकन कळते. गिल यांच्या टिपा नेमक्या आहेत आणि हेल्विडियस किंवा कॅपिटॉल यांसारख्या संदर्भांसाठी त्या लागतातच. गैरसोय एवढीच की मजकुरात फक्त तारांकन असते आणि टीप पुस्तकाच्या शेवटी शोधावी लागते, त्यामुळे पहिल्या वाचनात दोन ठिकाणी खुणा घालून बसावे लागते. प्रस्तावना अभ्यासपूर्ण असली तरी स्टोइक परिभाषेची ओळख नसलेल्याला ती सुरुवातीला जड जाईल. ती नंतर वाचली तरी चालते.

अपमान आणि टीका या प्रश्नासाठीच कुणी हे पुस्तक घेत असेल तर पहिल्या पानापासून सलग वाचू नये. तिसऱ्या भागातील विसावे प्रवचन आधी वाचावे, मग पहिल्या भागातील अठरावे, ज्यात चुकणाऱ्यांवर रागावू नये हे एपिक्टेटस आपल्याच घरातून चोरीला गेलेल्या लोखंडी दिव्याच्या निमित्ताने सांगतो. त्यानंतर गेलियसने नोंदवलेला वादळाचा अंश, आणि मग तिसऱ्या भागातील तेविसावे प्रवचन घ्यावे. चौथ्या भागातील पाचवे प्रवचन भांडकुदळ माणसांविषयी आहे आणि बरेच लांब आहे. ते दोन बैठकांत वाचावे. हस्तपुस्तिका या सर्वांनंतर उघडावी. तोवर तिच्यातल्या प्रत्येक छोट्या प्रकरणामागचा वर्गातला संवाद वाचकाला ठाऊक झालेला असतो, आणि विसावे किंवा बेचाळिसावे प्रकरण एखाद्या कार्डावर उतरवून सभेला किंवा बैठकीला जाताना खिशात ठेवायचे असेल, तर ते तेव्हा ठेवावे.